सांधा दिसता कामा नये

आमच्या ह्यांना आयुष्यात दुसऱ्याने बांधलेलं काहीही आवडलेलं नाही. मूळचे गवंडी, नंतर ठेकेदार झाले. कुणाच्या नव्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत भिंतीवर बोटाने टकटक करतात आणि 'गिलावा पोकळ आहे' असा निकाल देऊन मोकळे. स्वतःच्या कामाचं एकच ब्रीद: सांधा दिसता कामा नये. ते ऐकून ऐकून माझे कान किटले.

लेक परदेशात एका संग्रहालयात प्राचीन इमारतींची डागडुजी करते. तिने तिकिटं पाठवली ती आमची हौस भागवायला नव्हे. तिचं काम बापाने एकदा डोळ्यांनी बघावं आणि एक बरा शब्द बोलावा, एवढ्यासाठी. मला ते फोनवरच कळलं होतं. ह्यांना विमानातून उतरल्यावरही कळलं नव्हतं.

संग्रहालयाच्या भल्यामोठ्या दालनात अख्खी वेस उभी केलेली होती. कुठल्याशा गाडल्या गेलेल्या शहराची, एकेक दगड आणून पुन्हा रचलेली. वर बघताना माझी मान अवघडली. बाकीचे लोक गपगार होऊन बघत होते आणि हे कमरेवर हात ठेवून, मजुरांची हजेरी घ्यायला आल्यासारखे. वेशीवर छप्पर कशाला, पावसात टिकत नसेल म्हणाले. खांब एवढे जाड, म्हणजे दगड फुकटचा असणार म्हणाले. मग सवयीने टकटक करायला वाकले, तर पहारेकरी धावत आला. लेकीने त्याची माफी मागितली. हे उलट त्याच्यावरच घसरले, की ह्याला भिंतीतलं काय कळतं. नशीब, त्याला आपली भाषा येत नव्हती.

लेक आम्हाला कमानीच्या एका अंगाला घेऊन गेली आणि बाजूला उभी राहिली. तिथे जुन्या दगडात हातभर तुकडा नवा भरलेला होता, जरा फिकट रंगाचा.

"हे बघ," हे मला म्हणाले, "कुणा अडाण्याचं काम. रंगसुद्धा जुळवता आला नाही. माझ्याकडे असता तर त्याच दिवशी हाकलला असता."

"तो मी भरलाय, बाबा. नवं ते नवं दिसायलाच हवं. जुन्याच्या नावावर खपवायचं नाही, असा इथला नियम आहे."

"मग एवढं शिकून काय उपयोग?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. ह्यांनी तोडायचं आणि मी सांधायचं, 'बाबांना तसं म्हणायचं नव्हतं गं' म्हणायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. माझं लिंपण इतकं सफाईदार, की आपण काही तोडलं हे ह्या माणसाला कधी समजलंच नाही. मला एकदम त्या कामाचा उबग आला.

"त्यांना तसंच म्हणायचंय," मी लेकीला सांगितलं. "आणि ते चुकलेत."

 ह्यांनी खिशातून चष्मा काढला, हात पाठीमागे बांधले आणि त्या फिकट तुकड्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

बाहेर पडताना लेकीच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "चुन्यात काय घातलंस?"

दुसऱ्याने कालवलेल्या मालात काय आहे, हे ह्यांनी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. याहून मोठं कौतुक त्या तोंडातून निघायचं नाही, हे मला माहीत होतं आणि लेकीलाही. तिने पर्स खांद्याला अडकवली.

"उद्या सांगते," म्हणाली, आणि बापाला तसंच ताटकळत ठेवून पुढे चालू लागली.