तांबड्या दिव्याचे भाऊ

“आदी दिवा बगायचा, मंग घाबरायचं.” आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घंटा खणाणली की भाऊंचं हे वाक्य ठरलेलं. तुमच्यापैकी कुणी त्या काळात लोणावळ्याहून मुंबईला ट्रंक कॉल लावला असेल, तर तुमचा आवाज भाऊंच्याच हाताखालून गेलेला आहे.

भाऊ जवळच्या बेडसे गावचे, एक्स्चेंजचे मेकॅनिक. मी शेजारच्या खोलीत ऑपरेटर. पूर्वी यंत्रात कुठेही खुट्ट झालं की घंटा वाजायची आणि आम्ही मुली हेडफोन टाकून पळायचो. भाऊंनी त्याला शिस्त लावली. बारीकसारीक बिघाडाला नुसता पिवळा दिवा. लाइनच बंद पडली तर तांबडा दिवा आणि घंटा. “दर शिंकंला काढा उकळत्यात व्हय?” असं त्यांचं म्हणणं.

पुढे त्यांनी स्वतःच्या टेबलावर घंटेबरोबर पेटणारा आणखी एक तांबडा दिवा बसवला. आम्हाला वाटलं, हौस. मग लक्षात आलं, भाऊंना ऐकू येईनासं झालंय. टेलिफोनचा माणूस आणि बहिरा. वर कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि घरी बसणं या माणसाला जमण्यातलं नव्हतं. आम्ही चौघींनी गुपित सांभाळलं. कार्ल्याहून येणारी आमची एक मैत्रीण तर त्यांच्याशी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. घरीही तशीच बोलायला लागली, तेव्हा तिची सासू घाबरली.

मग पुण्याचे साहेब तपासणीला आले. भाऊ बोलण्यात रंगलेले असताना साहेबांनी त्यांच्या पाठीमागचा एक फ्यूज हळूच काढला. घंटा सुरू झाली. भाऊंनी सवयीने टेबलाकडे पाहिलं, पण नेमका तिथला बल्ब गेलेला. ते खुशाल तारांमधल्या ओलीबद्दल सांगत राहिले. मी हातवारे केले, तर साहेबांसमोर मध्येमध्ये करू नको म्हणून त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. शेवटी साहेबांनी फ्यूज परत बसवला आणि जाताना मला एवढंच सांगितलं की, त्यांचा बल्ब तेवढा बदलून घ्या.

आम्हाला हायसं वाटलं. बल्ब काढताना मात्र भाऊंच्या लक्षात आलं.

“ताई, घंटा वाजलेली?”

मी मान डोलावली.

“लय येळ?”

मला खोटं बोलवेना. मी हो म्हटलं.

“तेवड्यात कुनी डाक्टरला फोन लावत आसंल,” असं म्हणून ते खुर्चीत बसले.

कुणीही त्यांना जा म्हणत नव्हतं. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. मी भांडले, रडले, मला त्यांचा रागच आला. या माणसावर आमचा फार जीव होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या मेकॅनिकला सगळे दिवे समजावून दिले. आमची चिक्की खाल्ली. मग मला फ्यूज काढायला सांगून स्टुलावर चढले आणि वाजत्या घंटेवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

“वाजतीया,” म्हणाले, आणि खाली उतरले.