टेकडीवरून हलवलेला पंचा

खानदेशात विनाकारण टेकडी चढणाऱ्या माणसाला लोक एक तर वेडा समजतात, नाही तर त्याला गुप्तधनाचा नाद लागलाय असं मानतात. वर देवीचं ठाणं असेल, शेळी चुकली असेल, सरपण आणायचं असेल, तर चढावं. नुसतं बघायला कोण चढतं? मी चढायचो. जळगावात मास्तरकी करायचो, जवळ एक जुनी सायकल होती आणि रविवार रिकामा असायचा. मेहरूणच्या तळ्यापलीकडचे उंचवटे पालथे घालून झाले, तसा मी लांब जायला लागलो. शाळेतले सहकारी विचारायचे, "काय मास्तर, सापडला का हंडा?" मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव यायची. आपण काही तरी उच्च प्रतीचं करतो आहोत, हा ताठा माझ्यात होताच.

त्या हिवाळ्यात मी गिरणेचं पात्र सायकल खांद्यावर घेऊन ओलांडलं आणि धरणगावच्या बाजूला निघालो. रस्त्यापासून आत एक बोडकी टेकडी दिसली. उंची अशी काही नाही, पण भोवती सगळं सपाट, त्यामुळे वरून मुलूख दिसणार हे नक्की होतं. सायकल रस्त्याकडेच्या निंबाखाली कुलूप लावून ठेवली आणि पायी गेलो. टेकडीच्या एका अंगाला लहानसं गाव होतं, दुसऱ्या अंगाला शेतं. गावातून शेतात जायचं तर टेकडीला वळसा घालून जावं लागे.

वर पोचलो आणि हरखूनच गेलो. कापूस फुटला होता, रानं पांढरी झाली होती, लांब नदी चमकत होती आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ होती. खाली एका शेतात एकटीच बाई कापूस वेचत होती, बाकी रान मोकळं होतं. त्या सगळ्या पसाऱ्यात एक माणूस दिसलं म्हणून मला उगाच आपलेपणा वाटला. गळ्यातला पंचा काढला आणि तिच्याकडे बघून जोरजोरात हलवला. आनंद झाला की माझी अक्कल गहाण पडते, ही माझी लहानपणापासूनची खोड.

बाई ताठ उभी राहिली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग कमरेची कापसाची ओटी तिथेच सोडून ती धावत सुटली. मला वाटलं, हिला सापबिप दिसला की काय. मी घाईघाईने उतरलो, तर टेकडीच्या पायथ्याशी वळणावर तीच समोर आली. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची असेल. धाप लागलेली, पाय काट्यांनी ओरबाडलेले.

"भाऊ, त्या गयात का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"मन्हा धनी! तुमीच पंचा हालाडा ना?"

मी चाचरत म्हणालो की हो, पण सहजच, वरून छान दिसत होतं म्हणून.

तिला ते समजायला वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली आणि आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली, मग मला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा मला कळलं ते असं. त्या गावात कुणाच्या घरी काही वाईट घडलं, की एक जण टेकडीवर चढतो आणि शेतातल्या माणसांना दिसेल असं फडकं हलवतो. वळसा घालून निरोप पोचेपर्यंत फार उशीर होतो, म्हणून ही रीत. तिचा नवरा दसऱ्यापासून अंथरुणाला खिळलेला होता. दिरानं सांगून ठेवलं होतं, "वहिनी, तू खुशाल शेतात जा. काही व्हयनं तं मी फडकं हालाडसू."

"आते पुन्हा अशी गम्मत करू नका, भाऊ," ती उठत म्हणाली. मी कान पकडले. ती परत शेताकडे गेली, पण आता चालत, आणि मधूनमधून वळून टेकडीकडे बघत.

त्यानंतर मी त्या बाजूला फिरकलो नाही. दुसऱ्या टेकड्या चढलो, पण मजा येईना. वर पोचलो की हात पंच्याकडे जायचा आणि मी तो हात खिशात घालायचो. मनाला समजावलं की झालं ते झालं, कुणाचं काही बिघडलं नाही. तरी ते ओरबाडलेले पाय डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी संक्रांत आली. म्हटलं, तिळगूळ हे झालं-गेलं विसरायला सांगायचं उत्तम निमित्त. पुडी बांधून घेतली आणि निघालो. सायकल पुन्हा निंबाखालीच ठेवली आणि पायी गावात शिरलो.

दसऱ्यापासून आजारी असलेल्या माणसाचं घर कुठलं, असं पारावरच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं नुसतं हनुवटीनं दाखवलं. ओट्यावर एक माणूस बसला होता आणि त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. मी तिळगुळाची पुडी कोटाच्या आत सरकवली.

तो तिचा दीर. मी दुखवट्याला भेटायला आलोय असंच त्यानं धरलं. त्याचा भाऊ कापूस घेऊन जळगावला जायचा, तिथल्या ओळखीतला कोणी बाबू असेल, असा त्याचा समज झाला. "बठा, भाऊ," म्हणत त्यानं घोंगडी सरकवली आणि आपणहून सांगायला लागला.

"मी सोता वर चढनू. फडकं हालाडं. तिनी मान वर करी, देखं, आनि परत कापूस वेचाले लागनी! भाऊनी दोन डाव तिनं नाव काढं. शेवटलं पानी बी मीच पाजं. ती आते म्हनस, कोनी शहरना बाबू येस, टेकडीवर चढस आनि उगाच फडकं हालाडस, मले वाटनं तोच शे. तुमीच सांगा, काम ना धंदा, कोन येडा आठे चढाले येस?"

आतल्या दारात ती उभी होती. कपाळ मोकळं. हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. तिनं मला ओळखलं होतं.

मी म्हणालो, "ती खरं सांगतेय. तो मी होतो."

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी? कसाले चढनात?"

"पाहायला."

"काय देखाले?"

शेतं, नदी, डोंगर, असं काही तरी मी बोललो. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुमी भला मानूस शेतस. तिना गुन्हा आपला डोकावर ल्हेतस. पन मरेलना घरमा खोटं नही बोलानं."

मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, त्या दिवशीची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तो नुसती मान हलवत राहिला आणि मला देवमाणूस म्हणत राहिला. ती पुढे आली, तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पानी ल्या, भाऊ." मी प्यालो. मी खरं बोलतोय हे त्या घरात एकट्या तिला माहीत होतं, आणि तिच्या शब्दावर त्या घरात आता कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.