एका महिन्यात दोन चित्रा

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पहाटे पार्थसारथीच्या देवळाकडून भजन ऐकू आलं की समजावं, डिसेंबरात येणारा तमिळ मार्गळी महिना लागला. आणि भजनाच्या वर कुणी बाई ओरडताना ऐकू आली की समजावं, बालाजीराव सायकल घेऊन बाहेर पडले. बायकांनी दारापुढे घातलेल्या रांगोळ्यांवरून चाक नेल्याशिवाय या गृहस्थांना गल्लीबाहेर पडताच येत नसे. गल्ली अरुंद, रांगोळ्या ऐसपैस. त्यांच्या सायकल मंडळातले बाकीचे उतरून चालत जात. बालाजीरावांचं म्हणणं, एवढी हलकी कार्बनची सायकल हातात धरून चालायचं म्हणजे घोडा कडेवर घेऊन लग्नाला जायचं.

हेच बालाजीराव तंजावरहून विमा कंपनीत कारकून म्हणून आले, तेव्हा याच भागातल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्या माणसांनी भरलेल्या खोल्यांच्या इमारतीत, एका खाटेवर राहत आणि ऑफिसला सायकलने जात. सायकलीचा त्यांना तेव्हा भारी तिटकारा. पहिली बढती मिळाली त्याच संध्याकाळी त्यांनी ती शिपायाला देऊन टाकली आणि जन्मात पुन्हा पेडलवर पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेतली. शपथ निवृत्तीपर्यंत टिकली. पण काही माणसांना कुणाच्या तरी पुढे असल्याशिवाय अन्न पचत नाही. ऑफिसात पुढे असायला खुर्ची होती. खुर्ची गेली, तशी परदेशातल्या वाणी नावाच्या लेकीने बापाचं पोट बघून सायकल पाठवली. पोट तसंच राहिलं. त्यावर ताणून बसवलेला पोपटी सदरा आणि खाली गादी शिवलेली आखूड चड्डी एवढी त्यात भर पडली.

समुद्रकाठच्या दीपस्तंभापाशी जमणारं हे मंडळ सगळं तंजावरकडच्या मराठी निवृत्तांचं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि राग आला की इंग्रजी. त्यांचा एक नियम होता. वाढदिवसाला जितकं वय तितके किलोमीटर सायकल मारायची. आणि दुसरा नियम त्याहून मोठा. जो आधी सत्तरीचे सत्तर पुरे करील, त्याला कायमचं ‘पुढचं चाक’. पुढच्या चाकावाला वेग ठरवणार आणि मुख्य म्हणजे नाश्ता कुठे करायचा ते ठरवणार. शेवटच्या चाकावाल्याने पाठीवर पंप आणि पंक्चरचं सामान वाहायचं, आणि कुणाचं चाक बसलं तर पंक्चर काढायचंही त्यानेच.

शेवटचं चाक वर्षानुवर्षं नारायणस्वामींकडे होतं. नारायणस्वामी म्हणजे बालाजीरावांच्या बायकोचे, कनकाबाईंचे, सख्खे भाऊ. निवृत्त गणिताचे मास्तर. पुढे टोपली असलेली काळी सायकल आणि दुमडलेली वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर. बालाजीराव त्यांना चारचौघांत ‘पंपुस्वामी’ म्हणत. स्वामी हसून पंप खांद्यावर सरकवत. दोघेही यंदा सत्तरीचे. मंडळातला तिसरा कुणी सत्तरीच्या जवळपासही नव्हता.

आता वाढदिवस कुठला धरायचा? शाळेच्या दाखल्यावर बालाजीरावांची तारीख एक जून, कारण हेडमास्तरांनी अर्ध्या वर्गाची तीच लिहिली होती. तिला कुणी मोजत नसे, आणि चेन्नईच्या जूनमध्ये सत्तर किलोमीटर मारायला माणूस वेडा हवा. म्हणून इथल्या रीतीप्रमाणे जन्माचा महिना आणि जन्माचं नक्षत्र. दोघांचाही महिना मार्गळी. बालाजीरावांचं नक्षत्र चित्रा, स्वामींचं रेवती. कुठल्या वर्षी चित्रा आधी यायची, कुठल्या वर्षी रेवती.

यंदा चित्रा दोनदा आली. एकदा महिन्याच्या तोंडाशी, एकदा शेपटीशी, आणि मधोमध स्वामींची रेवती. नक्षत्र एका महिन्यात दोनदा आलं तर त्यांच्या घरांतून दुसरं धरतात. बालाजीरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. आईचा वाढदिवस असाच दुसऱ्या नक्षत्रावर करताना त्यांनी स्वतः पायस, म्हणजे खीर, वाटलं होतं. पण पुढचं चाक डोळ्यांपुढे फिरू लागलं, की माणसाच्या डोक्यातली आई मागे पडते. चित्रा म्हणजे चित्रा, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मंडळात कुणी खोलात शिरलं नाही. सगळ्यांच्या घरी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. त्या दिवशीच्या पानावर चित्रा होती, बस्स. सुब्बा पान वाचून “सरी, ठीक, चित्राच,” म्हणाला. सुब्बा निवृत्त रेल्वे गार्ड, मंडळाचे नियम तोंडपाठ असणारा. हिरवा झेंडा त्याचाच.

घरी कनकाबाईंना मात्र बालाजीराव म्हणाले, “आज नुसता सराव.”

“सरावास नवा सदरा कशास वो?” कनकाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बालाजीराव पस्तीस किलोमीटरवरच्या कोवळमपर्यंत गेले आणि परत आले. परतताना समुद्रावरचा वारा समोरून होता, तेव्हा ते सुब्बाच्या पाठीआड दडून चालवत होते. दीपस्तंभ दिसू लागताच झपकन पुढे झाले. हार पडला. नारायणस्वामींनीच घातला.

“भावोजी, झालात की सत्तरीचे!”

“तुम्हीही व्हाल, स्वामी. पंप जरा जड असतो, सावकाश या.”

पुढच्या रविवारपासून मंडळाला नाश्त्याला गारेगार हॉटेलात जावं लागलं. तिथे डोसा कागदासारखा पातळ आणि वेटर जावयासारखा फुगलेला. बाकीच्यांना कोपऱ्यावरच्या खानावळीतलं पोंगल, म्हणजे तूप-मिऱ्यांची खिचडी, हवं होतं. पण पुढचं चाक म्हणजे पुढचं चाक. रेवतीला स्वामींनी आपले सत्तर गुपचूप पुरे केले. वाटेत दोन नारळपाणी, एक डुलकी. बालाजीरावांनी पाठीवर थाप मारली. “दुसरे आलात, तरी आलात!”

आणि मग दुसरी चित्रा जवळ येऊ लागली. बालाजीराव तिच्याकडे बघत नसले तरी कनकाबाई बघत होत्या.

“या वर्षी पायस-बियस नको,” बालाजीरावांनी चार दिवस आधीच सुरुवात केली. “साखर वाढलीय माझी.”

“गुळाचें करतें.”

“कुणाला बोलवू नकोस. वयात काय मिरवायचं?”

कनकाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. चाळीसेक वर्षांत हे वाक्य त्या तोंडातून पहिल्यांदाच निघत होतं. “बरें वाटत नाही काय वो तुम्हांस?”

त्यांना वाटलं, म्हातारपणाने खचलेत. नवऱ्याला उभारी यावी म्हणून त्यांनी भावाला तर बोलावलंच, शिवाय सगळ्या मंडळाला जेवायला बोलावलं. बालाजीरावांना न सांगता.

चित्राच्या दुपारी बालाजीराव तेल लावून न्हालेले, नवी जरीकाठी वेष्टी नेसलेले, कपाळाला देवळातलं कुंकू, असे पाटावर बसले होते. दार उघडलं आणि एकेक करून आख्खं मंडळ चपला काढू लागलं.

केळीची पानं मांडली गेली. सांबार झालं, पापड झाले. बालाजीराव मान खाली घालून असे जेवत होते, जणू पानातच भोक पाडून पलीकडे निसटणार आहेत. मग पायस आलं.

“अक्का, पायस?” सुब्बाने विचारलं. “आज काय विशेष?”

“काय विशेष म्हणजे? यांची चित्रा की वो आज! सत्तरावी.”

सुब्बाने डाव्या हाताच्या बोटांवर दिवस मोजले.

“चित्रा तर झाली,” सुब्बा हळूच म्हणाला. “आम्ही हार घातला.”

“ती पहिली. पहिली कोण धरतो?” कनकाबाईंनी पळी तशीच धरली. नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि नव्या सदऱ्याचा सराव त्यांच्या ध्यानात आला. “अय्यो! माझ्या अण्णाच्या पुढें जाण्यास?”

“चित्रा म्हणजे चित्रा,” बालाजीराव पानाला म्हणाले.

“आईंच्या वेळीं हें सुचलें नाही!”

नारायणस्वामींनी बोटावरचं पायस चाटलं. “म्हणजे त्या दिवशी भावोजी एकोणसत्तरचेच होते. एक किलोमीटर उगाच जास्त चालवला. गणितात मी त्याचा एक मार्क कापला असता.”

पंगत अशी हसली की शेजारची बाई, जिची रांगोळी महिनाभर तुडवली गेली होती, खिडकीत आली.

सुब्बाने हात धुऊन निकाल दिला. “नियमात अन्याय नको. आज चित्रा संध्याकाळपर्यंत आहे. आत्ता निघालात तर सत्तर होतील. पुढचं चाक मात्र स्वामींचंच, ते आधी झाले. आता प्रश्न एवढाच, की तुम्ही सत्तरीचे की नाही.”

सगळ्यांनी बालाजीरावांकडे पाहिलं. बालाजीरावांनी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे. पुढे जायला मिळणार नसेल, तर सत्तर किलोमीटर हे नुसतेच सत्तर किलोमीटर असतात, हे त्यांना तेवढ्यात उमगलं.

“पायस वाढ,” ते बायकोला म्हणाले.

“साखर ना वो तुम्हांस?” म्हणत कनकाबाई पळी घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या.

पुढच्या रविवारी काळी टोपलीवाली सायकल सगळ्यांच्या पुढे होती, बैलगाडीच्या वेगाने. बालाजीरावांची कार्बनची, सत्तर न केल्याने, स्वामींनी सोडलेल्या जागी सगळ्यांच्या मागे होती, आणि तिला हळू चालायची सवय नसल्याने दर दहा पावलांना ब्रेक कुरकुरत होता. पोपटी सदऱ्यावर पंप आडवा बांधलेला. पोंगलच्या खानावळीच्या थोडं अलीकडेच स्वामींचं पुढचं चाक बसलं. बसलं की बसवलं, हे देव जाणे आणि गणिताचे मास्तर जाणोत.

बालाजीराव मळक्या फूटपाथवर गुडघे टेकून ट्यूब काढायला लागले. त्यांना ते येत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी वळून पाहिलंच नव्हतं.

“भावोजी, सावकाश,” नारायणस्वामी खानावळीच्या पायरीवरून म्हणाले. त्यांच्या हातात पोंगलचं पान होतं. “पंप जरा जड असतो.”