वारलीत असंच असतं

डहाणू रोडला प्रल्हाद चुरीला सगळे ओळखतात, आणि तो समोरून येताना दिसला की रस्ता बदलतात. फुकट ते पौष्टिक, या एका म्हणीवर माणूस आख्खा जन्म काढू शकतो हे मी त्याच्याकडे पाहूनच शिकले. त्याचं घर माझ्या घराला लागून आहे, त्यामुळे शिकण्यावाचून सुटकाही नव्हती.

तालुक्याच्या एका कचेरीत तो कारकून होता. पेपर वाचायचा न्हाव्याच्या दुकानात, कॅलेंडर आणायचा औषधवाल्याकडून. वाडीवाल्याचं काम असलं तर चिकूची करंडी घरी पोचेपर्यंत त्याला शिक्का सापडत नसे. तलासरीकडून आलेली वारली माणसं सकाळपासून त्याच्या टेबलासमोर उभी असायची. त्यांच्याकडे करंडी नसे. त्यांना तो मान वर न करता "उद्या ये" म्हणायचा आणि चहाला जायचा, अर्थात दुसऱ्याच्या पैशाने.

अठ्ठ्याण्णव साली हा निवृत्त झाला आणि त्याच्या जावयाच्या वापीच्या कारखान्याने जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर मोडीत काढला. ते धूड प्रल्हादच्या ओटीवर आलं. त्यात भर म्हणून कुणाच्या तरी मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्याच्या हाती लागली. तिच्यावर एक सॉफ्टवेअर होतं. छापलेला कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवायचा, सॉफ्टवेअर त्यातली अक्षरं ओळखणार, मग ती पडद्यावर हवी तशी बदलून घ्यायची. परत टाइप करायला नको. आणि फुकट! हा शब्द तो असा उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं देवाचं नाव घेतोय.

पहिला प्रयोग त्याने स्वतःच्या इंग्रजी लेटरहेडवर केला. सॉफ्टवेअरला चुरीतले आर आणि आय जोडलेले दिसले, त्याने त्यांचा एन केला, आणि पडद्यावर आलं, प्रल्हाद चुन. मी हसले तर म्हणाला, "यंत्र चुकत नाही हो. छपाईच वाईट होती." ओटीवर त्याने पाटी लावली, 'जुने कागद नवे करून मिळतील'. उथळ पाण्याला खळखळाट फार.

इथे मनोरमाबाई आल्या नसत्या तर प्रल्हाद हा नुसता हसण्याचा विषय राहिला असता.

मनोरमाबाई माझ्याबरोबरच्या शिक्षिका. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं त्यांनी वेवजीच्या शाळेत काढली. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई. ती गात नाही तोवर लग्न लागत नाही. वेवजीची बुधीबाई अशी धवलेरी होती. तिच्या अंगणात बसून बाईंनी तिची गाणी शब्दन् शब्द उतरवून घेतली, मराठी टाइपरायटरवर स्वतः टाइप केली. बुधीबाई गेली. दुसऱ्या धवलेऱ्या आहेत, पण तिची गाणी तिचीच होती, आणि आता ती फक्त बाईंच्या त्या कागदांवर उरली होती. कार्बन प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जन्मात त्यांना एकच गोष्ट हवी होती, या गाण्यांचं पुस्तक.

गावातलं एक मंडळ पुस्तक काढायला तयार झालं. छापखान्याला मजकूर फ्लॉपीवर हवा होता. शाल, श्रीफळ आणि मुखपृष्ठावर नाव एवढ्यावर प्रल्हादने काम अंगावर घेतलं. बसून टाइप करायचं होतं, दुसरं काही नाही. पण टाइप करायला बोटं झिजवावी लागतात. याने बाईंचे कागद काचेवर ठेवले.

पुढचं त्याने स्वतःच मला नंतर अभिमानाने सांगितलंय, म्हणून माहीत. त्या सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजी कळत होती. मराठी अक्षरांतून त्याने इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा काढला. मग याने सगळा मजकूर निवडला आणि मराठी फॉन्ट लावला. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी ए च्या जागी एक मराठी अक्षर, बी च्या जागी दुसरं, असा हिशेब. झालं! चिवड्याची देवनागरी झाली. 'ऋड्फट ळष्ष लीऽक ठ्ठ.' पानंच्या पानं.

हे डोळ्यांनी पाहून त्याला शंका आली नाही. तो म्हणाला, "वारलीत असंच असतं." मंडळानेही तेच म्हटलं. मुद्रितं तपासणाराही तेच म्हणाला असणार. प्रकाशनाला मी लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्यामुळे नव्हते. भाषणं दणक्यात झाली म्हणे. पुस्तक उघडून एक ओळ वाचावी असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. बाई पुस्तक छातीशी धरून बसल्या होत्या.

दोन महिन्यांनी वलसाडला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी नुकतीच लेकीकडून परतले होते, म्हणून बरोबर गेले. पट्टी सुटली, चष्मा मिळाला, आणि बाईंनी पिशवीतून पहिलं काय काढलं, तर पुस्तक. पान उघडलं. डोळे चोळले. पुढचं पान उघडलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टर, ऑपरेशन फसलं हो. मला अक्षरं लागत नाहीत."

डॉक्टरांनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर दाखवलं. बाईंनी त्यातली बारीक टाइपातली तिथी आणि नक्षत्रंसुद्धा घडाघडा वाचली. आणि वाचता वाचता थांबल्या. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पाहिलं, आणि मला त्या माणसाचा गळा आवळावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या ओटीवर. बाईंनी आधी विचारलं, "माझे कागद कुठे आहेत?"

"कागद?" प्रल्हाद म्हणाला. "कोऱ्या पाठी होत्या, प्रिंटरला वापरल्या. मग रद्दी चिकूवाल्याला दिली, पेट्यांत घालायला. गेले असतील दिल्लीला."

"आणि कॉम्प्युटरमध्ये घेतलेले कागदांचे फोटो?" मी विचारलं.

"पुसले. जागा खात होते. पण छापलंय की सगळं!"

"प्रल्हादराव," बाई म्हणाल्या, "हे वारली नाही. ही कुठलीच भाषा नाही. तुम्ही वारली ऐकलीय का कधी?"

"म्हणजे काय बाई! जन्मभर टेबलासमोर उभे असायचे ते." मग त्याने खरोखर आठवून पाहिलं. "पण बोलायचे कुठे?"

बाई उठल्या. मी त्यांचा हात धरून पायरी उतरवत होते, तेवढ्यात तो आतून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन धावत आला आणि माझ्या हातात कोंबू लागला. "न्या हो, खूप उरलीत. फुकट न्या."

आयुष्यात पहिल्यांदाच प्रल्हाद चुरी कुणाला काही फुकट देत होता.