अंदाजाने बरोबर

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे फूटपट्टी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. टॉवेलची घडी असो, कांदा चिरणं असो, तिच्या लेखी प्रत्येक गोष्टीची एकच रीत असते आणि बाकी सगळा गबाळेपणा. अशी बाई संख्याशास्त्र शिकली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेत चिकटली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

मुलाला किती गुण पडले यात तिला रस नसतो. गेले ते कशापायी गेले, हे तिला हवं असतं. एकेका गणिताला कोणकोणती कौशल्यं लागतात ते ती आधी ठरवते. मग मुलाची कुठली उत्तरं बरोबर आणि कुठली चूक, एवढ्यावरून त्याला काय येत असावं आणि काय नसावं, हे तिचं प्रारूप, म्हणजे तिने बसवलेलं गणिती मॉडेल, सांगतं.

"डॉक्टर नाही का लक्षणांवरून दुखणं ओळखत, तसंच," ती म्हणायची.

"डॉक्टर आधी जीभ बाहेर काढायला लावतात," मी म्हणायचे.

गेल्या वर्षी या प्रारूपाची चाचणी नेमकी माझ्या लेकीच्या शाळेत झाली. विषय, अपूर्णांकांची वजाबाकी. लेकीचा अहवाल आला: पूर्णांक फोडून घेण्याचं कौशल्य नाही, बरोबर आलेली उत्तरं बहुधा अंदाजाने. वर्गाच्या बाईंनी तिला सोमवारपासून कच्च्या मुलांच्या गटात बसवायचं ठरवलं. वर्गात तिचं नाव 'अंदाजपंचे' पडलं. पोरगी घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "मी एकही उत्तर अंदाजाने लिहिलं नव्हतं. मी आता शाळेत जाणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीला फोन लावला. "तुझ्या प्रारूपाने माझ्या पोरीला खोटं पाडलंय. ये आणि निस्तर."

"ताई, प्रारूप काही भाचीला ओळखत नाही गं."

"ते नाही ओळखत. तू ओळखतेस ना?"

ती तडक आली. लेक तोंड फुगवून जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बहिणीने तिच्यापुढे कागद सरकवला. चार पूर्णांक एक तृतीयांश वजा दोन पूर्णांक दोन तृतीयांश. "मोठ्याने बोलत सोडव," ती म्हणाली. लेकीने पेन्सिलीला हातसुद्धा लावला नाही.

"दोन पूर्णांक दोन तृतीयांशपासून तीनपर्यंत जायला एक तृतीयांश," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तीनपासून चारपर्यंत एक. वर आणखी एक तृतीयांश. एक पूर्णांक दोन तृतीयांश."

"चारातला एक फोडून त्याचे तीन तृतीयांश केलेच नाहीस?"

"कशाला फोडायचा? मी पुढे मोजत जाते."

बहीण मटकन खुर्चीत बसली. मला काही कळेना, तेव्हा तिने सांगितलं. सगळी मुलं पुस्तकातल्याच रीतीने जातात, असं तिने गृहीत धरलं होतं. त्या रीतीत फोडून घेणं आलं नाही, तर गणित सुटूच शकत नाही. त्यातूनही सुटलं, तर प्रारूप म्हणणार, अंदाज. "मी एकच रीत धरली, ताई," ती म्हणाली. टोमणा अगदी जिभेवर आला होता, पण तिचा उतरलेला चेहरा बघून मी तो गिळला. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना आणि शाळेला सरळ सांगितलं की चूक मुलांची नाही, आमची आहे, गट पाडू नका. मग प्रारूपात दुसरी रीतही घातली. आता ते आधी बघतं, की या मुलाची उत्तरं कुठल्या रीतीशी जास्त जुळतात, आणि मगच तोंड उघडतं. पुढे मोजत जाणारी आणखीही मुलं निघाली. सोमवारी कच्चा गट बसलाच नाही. त्या दिवशी मला घास गोड लागला.

नवा अहवाल घेऊन बहीण स्वतः आली. त्यात लिहिलं होतं: वजाबाकी येते, पुढे मोजण्याच्या रीतीने. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येत नाही. पहिल्या वेळी जी उत्तरं चुकीची धरली गेली, ती फक्त संक्षिप्त रूप दिलं नव्हतं म्हणून. पुन्हा एक 'येत नाही', आता पोरगी काय करते कोण जाणे. बहीण अजून उभीच होती.

लेकीने अहवाल दोनदा वाचला. तिचे खांदे सैल पडले.

"हे खरंय," ती म्हणाली. "सहा अष्टमांशाचे तीन चतुर्थांश कसे होतात, ते मला खरंच कळत नाही." मग शेजारची खुर्ची ओढून तिने ती हाताने थोपटली. "मावशी, बस ना. शिकव."