इनास काकांच्या लोखंडी चकत्या

पापडीतले आमचे शेजारी इनास काका कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्याचा दंड दाबून बघत आणि जागच्या जागी निकाल देत. माझा दाबला तेव्हा म्हणाले, "पोरा, भाषणं जोरात देतोस म्हणे. या दंडावर?" मी तेव्हा कॉलेजात होतो, पिशवीत पत्रकं घेऊन हिंडायचो. अपमान गिळला आणि त्यांच्या केळीच्या वाडीत व्यायामाला जाऊ लागलो.

मुंबईच्या एका दुकानात मी डंबेल बघून आलो. चकचकीत, पण प्रत्येक वजनाची जोडी वेगळी. हलकी उचलता आली की भारी विकत घ्या. "हा भांडवलशाहीचा सापळा आहे!" मी ओट्यावर उभा राहून जाहीर केलं.

"असेल," काका म्हणाले. "पण हात तेच राहतात ना? मग डंबेलही तेच ठेवू. खाली उतर, पाइप धर."

काका गिरणीतून निवृत्त झालेले टर्नर. त्यांनी पाइपाच्या तुकड्यांना दोन्ही टोकांना आटे पाडले आणि भंगारातून चकत्या निवडल्या. वजन हवं तर चकती घालायची, नको तर काढायची. काटकसर पुष्कळ, पण दोन बाबतींत नाही. पाइप मुठीत भरला पाहिजे, आणि प्रत्येक टोकाला दोन नट हवेत. "एक सैल झाला तर दुसरा धरतो. चकती पायावर पडली तर तुझी क्रांती लंगडत येईल."

चकत्या केळ्यांच्या वखारीत तोलल्या. तिथे दिवसभर केळ्यांचे लोंगर, म्हणजे घड, तोलणारा काटेवाला गणूभाऊ पुकारेल तो आकडा मी रंगाने चकतीवर लिहिला. चार चकत्या दोन-दोन किलोच्या, दोन एकेक किलोच्या.

पुढच्या वर्षी काका विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि उजवा खांदा निखळला. गावच्या सणाला सायबिणीची, म्हणजे चर्चमधल्या मातेची, पालखी चौघे खांद्यावर घेतात. त्यातली पुढची उजवी जागा कित्येक वर्षं काकांची. आता लोक दबक्या आवाजात एका तरण्या माणसाचं नाव घेऊ लागले. काकांनी सगळ्यांसमोर स्वतःलाच अट घातली, "सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत या हाताने दहा किलो पाचदा डोक्यावर नेले तर खांदा देईन. नाहीतर जागा सोडली."

एकेक चकती चढवत ते आठ किलो पाचदा नेण्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले. एकेक किलोच्या दोन घातल्या की हात खांद्याच्या वर जाईना. शेवटच्या दिवशी मी भंगारातून अर्ध्या-अर्ध्या किलोचे वाटणारे तुकडे उचलून तोलायला वखारीत गेलो. गणूभाऊने एका पारड्यात लोखंड टाकलं, दुसऱ्यात एक किलोचं माप ठेवलं, आणि पारडी समान होताच पुकारलं, "अर्धा!"

"गणूभाऊ, माप एक किलोचं आहे!"

"मंग? दांड्याचा अर्धा किलो सोडाया नको?"

"अहो, हे लोखंड आहे!"

गणूभाऊ लोखंडाकडे बघत राहिला. "आक्खा जनम लोंगराचा दांडा सोडतोय रं. तोंडाला काय ठाव, पुढ्यात केळी हाय का लोखंड!"

म्हणजे प्रत्येक चकती अर्धा किलो जास्तच होती. काकांचे आठ म्हणजे दहा! मी सायकल हाणत देवळात पोचलो. काका अंगणात फादरांना जागा सोडल्याचं सांगतच होते. मी धापा टाकत हिशोब मांडला.

"थांब," काका म्हणाले. "ते न कळता उचललं. आता कळून उचलायला हवं."

डंबेल मागवलं. दहा आहेत हे डोक्यात शिरलं आणि त्याच चार चकत्या चौथ्या वेळी कानाशीच अडकल्या. पाचवी वेळ आलीच नाही. मी भाषणाला तोंड उघडलं, पण फादर आधी बोलले, "काका, चकतीवर पोराने काय लिहिलंय?"

"दोन."

"चार दुणे आठ. रोज आठ म्हणून दहा उचललेत ना? मग उद्या पालखीही जरा हलकी समजा. सायबीण रागावणार नाही."

काका इतके हसले की डंबेल खाली ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या उजव्या दांड्याखाली तेच होते. गावाला फेरी झाली, खांदा बदलला नाही. पालखी टेकवल्यावर त्यांनी स्वतःच त्या तरण्या माणसाला हाक मारली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी इथे तू."

मी चिडलो. "मग एवढा आटापिटा कशाला केलात?"

"पडलो म्हणून जागा गेली असती," काका घाम पुसत म्हणाले. "आता माझी मी दिली."