डाव्या गालाचं हाड

कवटीवाले सर माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. त्यांची नजर भुवईवर, नाहीतर गालाच्या हाडावर. नवखा माणूस तोंडाला काही लागलंय की काय म्हणून पुसायचा. आमच्या कुंभार गल्लीतल्या बायका त्यांना बघून पदर पुढं ओढायच्या. वाईट माणूस नव्हता हो. त्यांना चेहऱ्यामागचे हजारो पिढ्यांचे आजे-पणजे बघायचे असत, आणि आपण मधे उभे असायचो.

मी तिसरी नापास. पण साचे काढण्यात माझ्या तोडीचा माणूस कोल्हापुरात नव्हता, हे मी आजही ऐकवतो. ते ऐकूनच सर आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आपल्याआधी लाखो वर्षांपूर्वी माणसांच्या आणखी जाती होऊन गेल्या, संपल्या. त्यातल्या दोन जातींच्या कवट्या, म्हणजे त्यांच्या प्लास्टरच्या प्रती, त्यांनी परगावच्या संग्रहालयातून वीस दिवसांच्या बोलीवर आणल्या होत्या. पुन्हा मिळणार नाहीत, असं तिथल्या साहेबानं बजावलं होतं. त्यांचे साचे काढून दोन्ही जशाच्या तशा ओतून द्यायच्या, एवढं काम. ‘जशाच्या तशा’ हे ते चारदा बोलले. मला राग आला. म्हटलं, “देव घडवतोय मी सर. मढ्याचं डोस्कं जमणार न्हाय व्हय?”

ओतलेल्या कवट्या सरांच्या घरी मात्र गेल्या नाहीत. घर जैनाचं, आई कडक. प्लास्टर हाय अव्वा, हाड न्हवं, असं सरांनी परोपरीनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, आकार हाडाचा हाय की. विषय संपला. मग त्या माझ्याच फळीवर गणपतींच्या ओळीत बसल्या. कॉलेज सुटलं की सर यायचे, स्टुलावर बसून मोजायचे, वहीत आकडे लिहायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून धावत घरी जायचे.

त्यांना ठरवायचं होतं ते एकच. थोरली, म्हणजे जास्त जुन्या जातीची कवटी, धाकटीची कोण? पुस्तकं म्हणायची, बाप. सर मान हलवायचे. “बाप म्हणायची घाई करू नये. चुलता निघतो.” आमच्याकडं हेळवी येतो, दारात बसून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो, त्याच्याशी मी त्यांची बरोबरी केली तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, हेळव्याच्या वहीत नावं तरी असतात, माझ्या लोकांना नावंसुद्धा नाहीत.

आता माझं सांगतो. ते वीस दिवस ऐन आषाढातले. गगनबावड्याकडून पाऊस असा लागला होता की साचे वाळेनात. संग्रहालयाच्या प्रती पेटीत भरून परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीच्या साच्याचा डाव्या गालाचा तुकडा माझ्या हातात भुगा झाला. आमच्या धंद्यात एका मूर्तीच्या हाताचा साचा गेला तर दुसरीचा हात ओततात, घासून बेताचा करतात, सांधा बुजवतात. देव रागावत नाही. मी थोरलीचा गाल ओतला, नुसत्या कडा घासल्या आणि धाकटीला बसवला. सांधा असा मिळाला की माझा मलाच सापडेना. त्याचा अभिमान वाटला मला, खोटं कशाला सांगू.

थोरलीची उजवी बाजू मुळातच फुटलेली. त्यामुळं सर दोघींचे डावेच गाल मोजायचे. तीन वर्षं मोजले. एके दिवशी स्टुलावरून उठले आणि म्हणाले, “बापच हाय. गाल केसाचाही फरक दाखवत न्हाय.” जन्मात पहिल्यांदा ते बाप म्हणाले. मी फडक्याला हात पुसत राहिलो. त्यांनी मोठा लेख लिहून परदेशी धाडला, गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले.

उत्तर आलं ते घेऊन सर थेट माझ्याकडं आले. दोन वेगळ्या कवट्यांचे गाल इतके सारखे असूच शकत नाहीत, तुमच्या प्रती तपासा, असं लिहिलं होतं. माझे दोन कारागीर शेजारीच माती मळत होते. सरांनी हळू आवाजात विचारलं, “धाकटीच्या डाव्या गालाला तुम्ही हात लावला होता का?”

“न्हाय,” मी म्हटलं. “हुती तशी हाय.”

“मग त्यांचं चुकतंय,” सर म्हणाले आणि पत्राची घडी घातली. कवटीकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिसरी नापासाचा शब्द त्यांनी परदेशी साहेबांच्या वर ठेवला.

त्याच शब्दावर ते भांडत राहिले. पत्रं लिहिली, मग तिकडून उत्तरं बंद झाली. कॉलेजातली मास्तरमंडळी त्यांना ‘गालफाडे’ म्हणू लागली. सर माझ्याकडं यायचे बंद झाले. त्या दोघी मात्र फळीवरून माझ्याकडं बघत. एका हंगामात गणपतींना जागा पाहिजे म्हणून घरात सांगितलं आणि दोन्ही हातोडीनं फोडून खड्ड्यात टाकल्या.

पुढं सर रिटायर झाले. अंगावरून वारं गेलं, असं कळलं तेव्हा गेलो. खाटेवर होते. सगळं सांगितलं. ऐकताना त्यांची नजर माझ्या गालाच्या हाडावर होती. मग म्हणाले, “म्हणजे मी एकच हाड दोनदा मोजलं.”

मी मान खाली घातली. तर ते कोपरावर उठायला धडपडू लागले. “धाकटीची उजवी बाजू तरी खरी हाय न्हवं? मग उद्या दोन्ही आणा. उजवी आरशात धरल्यागत उलटी मांडून मोजता येती. अजून हुईल.”

फोडल्या, असं मला सांगावं लागलं.

ते परत उशीवर टेकले. वहिनींना म्हणाले, यांना चहा दे. चहा होईपर्यंत त्यांनी टेबलावरच्या सगळ्या वह्या माझ्यासमोर ठेवायला लावल्या. “घेऊन जावा. लगद्याला हुतील.” आम्ही मातीत कागदाचा लगदा घालतो, हे त्यांच्या लक्षात होतं. मी हात पुढं केले. घेतल्या.

महिन्याभरात सर गेले. वह्यांचा लगदा मी केला नाही. आकडे मला वाचता येतात, शेजारचं इंग्रजी येत नाही. पण त्यांतले कुठले त्या माणसांचे आणि कुठले मी बसवलेल्या गालाचे, हे सांगणारा आता कुणी उरला नाही.